काकूंच्या हरभऱ्याला पाणी

२० डिसेंबर
कडक थंडी. हरभरा फुलांनी भरलाय, दाण्याचा घाटा एकही नाही. बाबांनी यंदा अर्धं वावर माझ्या हवाली केलंय. सगळ्यांना सांगत फिरतात, "घरातली पयली ग्रॅज्युएट, तेही शेतीतली. पाहू तं काय करते!" मी फुलोऱ्यात पाणी दिलं नाही. काळ्या जमिनीत दिलं की झाड माजतं, फूल गळतं. बाबांनी त्यांच्या अर्ध्यात तुषार सिंचन लावलंच.

२७ डिसेंबर
दोन्हीकडची फुलं गळली. मग पाण्याचा संबंध काय? नागपूरहून कॉलेजचे सर फोनवर म्हणाले, थंडीनं गळतात, ऊब वाढली की पुन्हा येतील. बाबांचा भाग हिरवागार, माझा रोडका. आई म्हणते, "तुह्या बापाचं वावर भाजी खुडाले तरी कामी येते." हसले, पण...

संध्याकाळी शेजारच्या शांताकाकू बांधावर आल्या. त्यांचं यंदा एवढंच पीक. "पाणी देऊ का नको वं? तू म्हणशील तसं करतो."
मी म्हटलं, नका देऊ.

संक्रांत
माझ्याकडे घाटे धरले! बाबांकडे नुसता पाला. बाबांनी तिळाचा दुसरा लाडू माझ्या हातावर ठेवला.

२४ जानेवारी
एकदम ऊन तापलं. आता बाबांच्या पाल्यातही घाटे दिसतायत. काही कळत नाही.
काकूंचा हरभरा पिवळा पडतोय. मर रोग असेल म्हणून बुडखा चिरून पाहिला, आत काळं नाही. मुळाशी हात घातला तर मुरूम, कोरडा ठाक. त्यांची जमीन हलकी आहे, पाणी धरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तिथेच बोरं वेचायचो. मग आमच्या काळ्या जमिनीतलं त्यांना का सांगितलं?

२५ जानेवारी
सकाळीच गेले. "काकू, पाणी द्या, आजच."
"तूच तं नको म्हणली होती."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबांनी आपले पाईप दिले, आमच्या विहिरीवरून तुषार सुरू केला. तासाभरात सावनेरकडून आभाळ भरून आलं. गार वारा. वरून पाऊसही आला तर जास्त पाण्यानं मुळं सडतील. बंद केलं आणि नाहीच आला तर? सर फोन उचलेनात.
काकू मोटरच्या बटनापाशी. "बंद करू का वं?"
म्हटलं, थोडं थांबा.
त्या थांबल्या. मी आभाळाकडे बघत राहिले, त्या माझ्याकडे.