दगड कुणी मारले

पेतित रिव्हिएर,
३ फेब्रुवारी १९४४

चि. अल्बन यास,
क्लोटिल्डाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नाताळानंतर तुझी एक ओळ नाही. पोलिसात कॉर्पोरल झाल्यापासून लिहिताना बोटं झिजतात का रे? माझ्या भावजयीला, मर्टलला सांग, दुधात उकळायला कोकोच्या कांड्या वळून ठेवल्या आहेत. त्रिनिदादच्या या टोकाकडून कुणी पोर्ट ऑफ स्पेनला निघालं की पाठवते.

इकडे बरं नाही. रमच्या दुकानासमोर बसणारी पोरं आता आमच्या दर प्रार्थनेला दगड मारतात. मागच्या रविवारी आमची मंडळी चालवणाऱ्या मदर फिलोमिनच्या कपाळाला लागला, डोक्याचं पांढरं फडकं रक्तानं भिजलं. मी तशीच पोलीस ठाण्यावर गेले. सार्जंटने विचारलं, दगड कुणी मारले? मी म्हटलं, आम्ही डोळे मिटून प्रार्थना करत होतो, कसं दिसणार? झालं, तो प्रार्थनेवरच घसरला. घंटा वाजवली का? मेणबत्त्या हातात होत्या का? अंगात येऊन ओरडलात का? खोटं बोलायचं नाही, हे आईने आपल्या दोघांनाही शिकवलं. मी हो म्हटलं. तर म्हणतो, बाई, तुमच्या पंथाच्या या सगळ्याला कायद्याने बंदी आहे, तू स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केलास. घरी जा, नाहीतर आत टाकतो. तक्रार लिहून घेतलीच नाही.

तू एक शब्द टाक ना. आम्हा बाप्टिस्टांना नाही, तुझ्या गणवेशाला तरी ते मान देतील.

डॅनियल वारला तेव्हापासून हे विधवेचं घर खायला उठतं. जेवायला ताट एकच, त्यामुळे ते मांडावंसंही वाटत नाही. म्हणून या महिन्याच्या मध्यावर मी व्रताला निजणार आहे. जमिनीवर अंथरूण, दिवसरात्र प्रार्थना, डोळ्यांवर पट्ट्या, आणि मदर स्वतः सोडील तोवर त्या काढायच्या नाहीत. आई अशीच व्रताला निजली होती तेव्हा तू दाराशी बसून नारळाच्या पावासाठी भोकाड पसरलं होतंस, आठवतं?

उत्तर धाड. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
क्लोटिल्डाताई


पोर्ट ऑफ स्पेन,
९ फेब्रुवारी १९४४

ती. क्लोटिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ताई, तुला शहाणपण कधी येणार? ठाण्यात जाऊन, होय घंटा वाजवली, असं सांगतं का कुणी? वाळत घातलेल्या कोकोच्या बिया पायांनी तुडवताना गाणी म्हणत होतो, म्हणायचं! गावोगाव बायका म्हणतात, त्यांना कोण पकडतं?

एक बातमी आहे. माझी बदली तुमच्याच ठाण्यावर झाली आहे, सोमवारी रुजू होतो. लगेच हरखून जाऊ नकोस. तू लग्न होऊन तिकडे गेलीस, मी त्या गावात कधी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे आपलं नातं तिथे कुणाला ठाऊक नाही. माझी बढती त्याच सार्जंटच्या शिफारशीवर अडली आहे. तेव्हा ठाण्यावर येऊ नकोस, रस्त्यात दिसलो तर ओळख दाखवू नकोस, पत्रही इकडे मर्टलकडेच पाठव. थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे. आणि व्रताचं सध्या नावही काढू नकोस.

माया कमी झाली असं समजू नकोस. मर्टल नमस्कार सांगते. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
अल्बन


पेतित रिव्हिएर,
२७ फेब्रुवारी १९४४

चि. अल्बन यास,
आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं हे पत्र मर्टलकडे पाठवते आहे.

मी व्रताला निजले. तुझं ऐकलं नाही. एवढ्या एका गोष्टीत जीव अडकला होता. पोलीस दुपारी आले. आधी घंटा उचलली, मग फुलांचा लोटा लवंडल्याचा आवाज आला. मदरला गाडीत घालून पुढे नेलं. पट्टी सोड म्हणून सार्जंट माझ्यावर ओरडला. मी म्हटलं, जिने बांधली तीच सोडील. तो हसला आणि म्हणाला, मग हिला अशीच आंधळी चालवा.

तेव्हा कुणीतरी माझं कोपर धरलं. रस्ताभर हळूच सांगत होतं, इथे खड्डा आहे, आता ओंडक्यांचा पूल, पाय उचल. तुझा आवाज मी ओळखणार नाही का रे? डॅनियल गेल्यापासून कुणी माझा हात धरला नव्हता. खरं सांगते, मला बरं वाटलं. रमच्या दुकानापाशी दगड आले. एक माझ्या पाठीत बसला. तुझी बोटं कोपरात रुतली, पण तू थांबला नाहीस, पोरांना हटकलंही नाहीस.

ठाण्यात सार्जंटने विचारलं, हिला जामीन राहायला नात्याचं कुणी आहे का? वाटलं, आता तू बोलशील. खोलीत कुणाचा तरी बूट हलला, तेवढंच. सार्जंटने पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं, माझं कुणी नाही साहेब. पाठ दुखत होती, पण कोठडीत त्या वाक्यानेच मला झोप लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने दटावून आम्हाला सोडलं. कोर्टाच्या पायरीवर मदरने माझी पट्टी सोडली. तू कुठे दिसतोस का म्हणून मी पाहिलं. तू नव्हतास.

तुझ्या बढतीच्या आड मला यायचं नाही. मला बहीण म्हणू नकोस, सोसेन. पण तक्रार अजून कोरी आहे. मी पुढच्या सोमवारी पुन्हा ठाण्यावर जाणार आहे, आणि सार्जंट पुन्हा तेच विचारील, दगड कुणी मारले. मला सांगता येणार नाही, माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. तुझ्या नव्हती.

क्लोटिल्डा