पिकअपचा पातळ आवाज

६ जानेवारी २०२५, सोमवार

पिकअपचा आवाज पातळ झाला आहे. अकरा वर्षं ही गाडी वापरतो. पिंप्राळ्याच्या वळणावर आली की गॅरेजमधली माणसं न बघता म्हणायची — भाऊ आले. रांजणात तोंड घालून बोलावं तसा भरदार आवाज. आता पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी बोलते.

धुराच्या नळीच्या मागच्या तोंडाला ओला बोळा लावून पाहिला. कुठे फुसफुस नाही. म्हणजे सायलेन्सरच्या आतले पडदे कुजले. बदलायचा. आणि बदलायचाच तर पूर्वीपेक्षा खोल आवाजाचा.

आयटीआयचं दार मी पाहिलं नाही. अठ्ठावीस वर्षं गॅरेजचं नाव माझ्या कानावर उभं आहे. गिऱ्हाईक इंजिन चालू करतं, मी दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहतो, दोष सांगतो. पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागे धरायची आणि ऐकायचं — ते नवशिक्यांचं. माझा लांब पेचकस नुसता टांगलेला असतो. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाल्यावर मी स्वतः सातव्या खिळ्यावर लावला होता. आज आठव्यावर दिसला. जागेवर ठेवला.

७ जानेवारी

सुकदेवला आवाज ऐकवला. साक्रीकडचा माणूस, एकोणीस वर्षं माझ्या शेडमध्ये वेल्डिंग करतो. म्हणाला, "आवाज बराबर शे, भाऊ. माले तं काही फरक लागत नही." मी म्हटलं, कान धुऊन ये आधी. एरवी लगेच उलट टोला देतो. आज मान खाली घालून वेल्डिंगला लागला.

११ जानेवारी, शनिवार

धुळे. रतनलालजींचं दुकान. तीन तास.

दोन प्रकार समोर मांडून घेतले. एक पडद्यांचा — धूर आत वळसे घेतो, आवाज मऊ होतो. दुसरा सरळ जाळीच्या नळीचा, भोवती काचेचा कापूस — आवाज मोकळा सुटतो, पण पोट लहान असेल तर भसाडा होतो. पोट मोठं आणि लांबी जास्त, तितका आवाज खाली उतरतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

प्रत्येक बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. रतनलालजी म्हणाले, "पितांबरभाऊ, सायलेन्सर घेताय की तबला?" सगळं दुकान हसलं. मीही.

पडद्यांचा घेतला, बावीस इंची. तोंड दोन इंच, जुन्याइतकंच. मोजपट्टी माझी, त्यांची नाही.

१२ जानेवारी

बसवला. सांधा सुकदेवने केला. गाडी चालू केली. पातळ.

सुकदेव म्हणे, "घरना बठ्ठा भांडा हालतस, भाऊ." मागच्या दारातून चारुलता ओरडली, "अहो, बंद करा ते, छातीत घुमतंय." एक माझा कामगार, एक माझी बायको. मन राखतात.

१५ जानेवारी, बुधवार

रतनलालजींनी कुरकुर न करता बदलून दिला. आता सरळ नळीचा, सव्वीस इंची. सायलेन्सर टांगायचा मागचा हँगर चार इंच सरकवावा लागला. तरी पातळ!

दोन्ही प्रकार झाले. उरला सांधा. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर सुकदेवला म्हणालो, "एकोणीस वर्षांत तुला गोल सांधा धरता येईना? आवाज तुझ्या हातातून गळतोय." त्याने काळा चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं. परत घातला. सांधा कापून दुसऱ्यांदा केला. देखणा केला, हे लिहून ठेवतो.

चारचौघांत बोलायला नको होतं. पण चूक ती चूक.

१६ जानेवारी

सुकदेव आज शेडच्या पलीकडच्या टोकाला बसून एकटा जेवला.

१८ जानेवारी, शनिवार

निंबा नरडाण्याहून टेम्पो घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक. डोळे मिटून ऐकलं. काही नाही, खुशाल जा, म्हटलं आणि घरात जेवायला गेलो. परत येतो तर टेम्पो अजून फाटकातच. बंपरला टाका मारायचा म्हणून सुकदेवने थांबवून घेतलेला. बंपर त्यानेच मागच्या महिन्यात केला होता. माझ्यावरचा राग गिऱ्हाइकाच्या वेळेवर काढतो.

पेचकस पुन्हा आठव्या खिळ्यावर.

२० जानेवारी

निंबाचा फोन. "भाऊ, तुम्ही सांगं तसंच निंघनं. बेरिंग गयेल व्हतं. तशीच चालवती तं इंजिन जातं." तिकडे नरडाण्यातच खोललं म्हणे.

मी असं सांगितल्याचं आठवेना. पण निदान अचूक, म्हणजे माझंच. दिवसभर बरं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सुकदेवचा सांधा गळतो हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी पेचकस काढला. इंजिन चालू ठेवलं, गाडीखाली शिरलो. टोक सायलेन्सरच्या पोटाला, मूठ कानामागच्या हाडाला.

तो आवाज होता. रांजणातला. पूर्वीपेक्षाही खोल.

मूठ काढली — पातळ. टेकवली — भरदार. पाच वेळा केलं. मग दुसऱ्या कानाला. तिथेही तेच.

इंजिन बंद करून तसाच पडून राहिलो. जुना सायलेन्सर चांगला होता. दोन्ही नवे चांगले. सांधा चांगला.

२२ जानेवारी

गॅरेजमध्ये गेलो नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

कानाचे डॉक्टर. पोलादी चिमटा वाजवून कानाशी धरला — जेमतेम. कानामागे टेकवला — स्वच्छ. माझ्याच पेचकसाची युक्ती. आतलं एक बारीक हाड आखडलंय, म्हणाले. खालचे, भरदार आवाज आधी जातात. ऑपरेशनने फरक पडू शकतो. पडेलच असं नाही.

कधीपासून आहे, विचारलं. पंधरा दिवस, मी म्हटलं. चारुलता फरशीकडे बघत होती.

२५ जानेवारी, शनिवार

सुकदेवची माफी मागितली. ज्या जागी बोललो होतो त्याच जागी, गिऱ्हाइकांसमोर. कानाचंही सांगितलं. त्याने मान हलवली. नवल वाटल्याचं दिसलं नाही.

निंबाला बेरिंगचं कोणी सांगितलं, विचारलं.

"मीच सांगं. भाऊनी मांगून सांगेल शे, असं बोलनू."

"अजून कोणाकोणाला?"

"दसरापाईन बठ्ठासले. तुम्ही घरमा गयात का मी पेचकस लावस."

म्हणजे दसऱ्यापासून सगळ्याच गिऱ्हाइकांना. आठव्या खिळ्यावर टांगणारा तोच. एकोणीस वर्षांत याने एक पाना जागा सोडून ठेवलेला नाही. सातवा सोडून आठवा का, विचारलं.

"तुमले दिसाले पाहिजे म्हणीसन, भाऊ."