टाकी वरच राहील

ता. ३, सोमवार

कागदावर काढून द्या म्हणे! चाळीस वर्षं ह्या शहराचं पाणी माझ्या डोक्यातून वाहतंय. आणि पाणीखात्यातला नवा साहेब गोड हसून म्हणतो, "काका, जमिनीखालच्या सगळ्या लाईनी एकदा काढून द्या. आम्ही संगणकात भरून टाकतो." भरा की! मग गळती शोधायला मला कशाला बोलवाल? हे तो बोलला नाही. शिपायानं जिन्यात गाठून सांगितलं — "काका, नकाशा दिलात की तुमचं काम बंद."

तरी भिडेखातर दहा मिनिटांत थोडा काढून दाखवला. टाकी, तिथून निघणारी मोठी लाईन, तिच्या फांद्या. साहेबानं कागद असा फिरवला, तसा फिरवला. "काका, ह्यात उत्तर दिशा कुठाय?" म्हटलं, उत्तर तुमचं तुम्ही शोधा. टाकी वर, पाणी खाली येतं, आपलं शहर हे असं आहे! त्यानं शहर भिंतीवर टांगलेलं पाहिलं. मी एकोणिसाव्या वर्षी कुदळ घेऊन खड्ड्यात उतरलो, तिथून पाहिलं.

कागद फाडला. तुकडे तिथे ठेवले नाहीत, खिशात घालून आणले.

ता. ४, मंगळवार

हिला सांगितलं तर ही साहेबाच्याच बाजूनं! "लग्न ठरल्यावर 'वरच्या चौकात ये' म्हणालात. मी दीड तास माहेराकडच्या चौकात उभी!" — अडतीस वर्षं हेच ऐकतोय. माझं 'वर' म्हणजे टाकी, हिचं 'वर' म्हणजे माहेर. मग दवाखाना, बहिणीचं घर, बसथांबा. मधलं शहर हिच्या लेखी बांधलेलंच नाही. आणि मला शिकवते!

शिवाय हल्ली बोलते तोंडातल्या तोंडात. सगळेच तसे. साहेब, शिपाई, फोनवर भाची. ओठ उघडायचे पैसे पडतात जसे काही.

ता. ६, गुरुवार

शिंप्यांच्या गल्लीत तीन दिवस नळाला थेंब नाही. साहेब हातातल्या पडद्यावर बोट ठेवून म्हणतो, लाईन डावीकडून जाते. म्हटलं, उजवीकडून. "काका, उजवीकडे गटार आहे." अरे, ती लाईन टाकली तेव्हा तू पाळण्यात होतास!

व्हॉल्व्हच्या झाकणांतून ऐकायची सळई खाली टेकवली, कान लावला. गाड्यांचा गोंगाट फार. तरी खडूनं फुली मारली. उद्या खोदायचं. फुलीवर पाणी निघालं नाही तर धंदा सोडतो — असं चारचौघांत म्हणून बसलो.

ता. ७, शुक्रवार

कोरडं!!

पाइप मी म्हटलं तिथेच, उजवीकडे. वीतभर इकडेतिकडे नाही. साहेब, तुमचं गटार कुठे गेलं? पण भोवतीची माती कोरडी ठणठणीत. साहेब पडद्यावर नुसतं बोट फिरवत राहिला. बोलला असता तर निदान भांडता आलं असतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंपीणबाई खड्ड्यात डोकावून म्हणाल्या, "दादा, खड्डा छान झालाय. आता पाणी?" माझी अकरा माणसं माना खाली घालून हसली. माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं!

ता. ८, शनिवार

कोणाशी बोललो नाही. जेवलो, तेही रागानं.

ता. १०, सोमवार

पहाटे पुन्हा गेलो. "एकटे जाऊ नका" म्हणत ही बरोबर आलीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या व्हॉल्व्हवर सळई टेकवली — काही नाही. दुसऱ्यावर — काही नाही. व्हॉल्व्हला, साहेबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ही म्हणाली, "बघू." म्हटलं, हे काय तुझं माहेर आहे? तरी सळई घेतलीच. कान लावला, डोळे मिटले.

"अहो, खाली कोणीतरी तळतंय."

गळतीचा आवाज तळणासारखा येतो, हे माझ्या मुकादमानं मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. हिला मी कधी सांगितलेलं नाही.

ती फुलीच्या पुढे बारा पावलं गेली. तिथल्या झाकणात सळई घातली. "इथे जास्त." मी कान लावला. लोखंड. नुसतं गार लोखंड.

खडू तिनंच मागितला.

ता. ११, मंगळवार

दोन हात खोदलं आणि पाणी उसळलं. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबानं सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली — "काका, काय कान आहे तुमचा!" मी हो म्हटलं. हो म्हटलं मी! ही बाजूला उभी राहून चष्मा पुसत होती. काही बोलली नाही.

किंवा बोलली असेल.

ता. १२, बुधवार

सकाळी साहेबाला फोन केला. म्हटलं, कागद पाठवा, मोठा. टाकी वरच राहील. आणि जरा मोठ्यानं बोला.