मेहुण्याला दिलेला चेंडू

इंदूर, ७ जानेवारी १९०९

प्रिय जगदेव,

खरं तर तुला ‘राजश्री जगदेवराव साहेब’ लिहायला हवं. तुझे आजोबा दरबारातले मानकरी, आणि माझे वडील धारच्या पागेत घोड्यांना खरारा करणारे. पण मैदानावर मी तुला अरेतुरे केलं आणि तू ते गोड मानून घेतलंस, तेव्हा कागदावरही तसंच चालू दे.

तुझ्या लग्नाचं तुझ्या काकांच्या, नारायणरावांच्या पत्रातून कळलं. सासर सडकेपलीकडे, देवासच्या धाकट्या पातीच्या राज्यात. एवढ्याशा अंतराला वरातीचा घोडा कशाला आणवला, असं मी त्यांना लिहून पाठवलंय. सूनबाईंना माझा आशीर्वाद सांग.

मी इथे कॉलेजात फुटबॉल शिकवतो. वर्ष झालं. आमच्या माईला ते अजून पटत नाही. तिरल्याला गेलो की विचारते, ‘मारुती, पोरांनी पुस्तकं सोडून उंडारायचं, त्याला मास्तर कशाला लागतो रे? आमच्या गल्लीतली आपली आपणच उंडारतात.’ तिला काय सांगू? महूच्या छावणीत मी गोऱ्या पलटणीच्या फुटबॉलमध्ये हवा भरायला होतो, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडायचा. सहा वर्षं पंप मारला. इंग्रजी येत नव्हतं, पण कान तिखट. सार्जंट काय ओरडला की कोण कुठे सरकतो, एवढं ऐकत आणि बघत खेळ शिकलो. पाठ फिरवून उभा राहिलो तरी चेंडू पंजाला लागला की टाचेला, हे मी आवाजावरून सांगत असे. त्याच जोरावर धारच्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागलो आणि तिथून तुमच्या देवासला आलो.

देवासला मात्र माझे कान आणि अक्कल दोन्ही कमी पडले. एका गावात दोन राज्यं आणि मधून सडक, हे ऐकून होतो. चेंडूलाही हद्द असते हे ठाऊक नव्हतं. दोन्ही पातींचा मिळून एक संघ करायचा म्हणून मी उजवी बाजू थोरल्या पातीला दिली, डावी धाकट्या पातीला. वाटलं, कुणी रुसणार नाही. झालं असं, की सडक थेट मैदानाच्या मधून गेली. उजवीकडचा चेंडू डावीकडे जाईना. धाकट्या पातीच्या संताजीसमोर नुसता गोल मोकळा होता तेव्हा तुमचा तो लांबटांग्या ओरडला होता, ‘अरे भिया, उसको मत देना, वो तो सडकपारका है.’ रतलामकरांनी पाच गोल चढवले. तू गोलात उभा. पाचही तुझ्या अंगावरून गेले.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट आता लिहितो. मी चेंडूची वादी ओवत झाडाखाली बसलो होतो. तुम्ही दोघं पलीकडे पाय धूत होता. तू संताजीला म्हणालास, ‘मास्तर परके, त्यांना काय माहीत. इथे कोण कुणाचा मेहुणा आहे ते बघून जोड्या लावायला हव्यात. थोरल्या पातीच्या पोरापुढे त्याचाच पलीकडचा मेहुणा ठेव. मेहुण्याला चेंडू दिला नाही तर घरी बायको जेवायला वाढेल का?’ संताजी हसला. मग तू सगळ्यांची नाती घडाघडा सांगितलीस: कुणाची आत्या पलीकडे दिली, कुणाचा मामा अलीकडे राहतो, कोण कुणाचा साडू. मी वादी ओवत राहिलो आणि एकेक नाव ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी खडूनं फळ्यावर अकरा नावं लिहिली. तशीच्या तशी. तू फळ्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि जाऊन गोलात उभा राहिलास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या सामन्यांत जिंकल्याची ढाल मिळाली. देवासात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी एकाच संघावर गुलाल पडला. नारायणराव तर हारच घेऊन आले नि सगळ्यांदेखत विचारते झाले, ‘मास्तर, ही जोड्यांची युक्ती कुणाची?’ मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. हार माझ्या गळ्यात पडला. तू हातभर अंतरावर होतास. त्या युक्तीच्या नावावर मला इथे बोलावणं आलं.

आता इथली तऱ्हा ऐक. पोरं चांगली आहेत, कुणी उज्जैनचा, कुणी डहीचा, कुणी पार बऱ्हाणपूरचा. लाथ कशी मारायची ते मी शिकवतो आणि ती शिकतात. पण एकमेकांना चेंडू देत नाहीत. कोण कुणाजवळ ठेवू, मला सुचत नाही. झाडाखाली बसून कान देतो, तर कुणी बोलत नाही. गेल्या महिन्यात तीन सामने हरलो. तुला खेळ माझ्याइतका येत नव्हता, जगदेव, पण खेळणारी माणसं कळत होती. मला खेळच कळतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे समजलं.

प्रिन्सिपॉलसाहेब या महिन्यात माझी जागा कायम करायची की नाही ते ठरवणार. त्यांनी काल बोलावून विचारलं, ‘देवासचा संघ तुम्ही कसा बांधला, हे ज्यानं जवळून पाहिलं असा एक माणूस सांगा, मी त्याला पत्र लिहितो.’ नारायणरावांचं नाव माझ्या ओठांवर होतं. त्यांनी पानभर स्तुती लिहिली असती, आणि अगदी मनापासून. मी तुझं नाव दिलं. साहेबांचं पत्र तुला चारेक दिवसांत मिळेल. त्याआधी हे पोहोचावं म्हणून आजच टपालात टाकतो आहे. मास्तरनं गप्प बसायला सांगण्यासाठी लिहिलंय असं समजू नकोस. जे घडलं तेच लिही, सोमवारच्या झाडापासून लिही.

तुझाच,
मारुती मास्तर