लंगड्याचा नंबर आधी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या बारक्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला आणि तोरा, दोन्ही उतरले असतील अशी आशा. (ही ओळ त्यांना वाचून दाखवू नकोस.)

मी बरा आहे. कत्तलखान्यातली नोकरी शाबूत आहे. नव्या कायद्यानं जनावरावर काठी उगारायची नाही, ओरडायचं नाही, त्याला पाणी पाजायचं, विसावा द्यायचा आणि शेवटी आधी बेशुद्ध करायचं. कायदा चांगला आहे गं, मनापासून सांगतो. पण जन्मभर आरडाओरडा करून पोट भरलेला मी आता बोकडांना पाहुण्यांसारखं "या, या" म्हणतो! पहिल्या दिवशी एकही हलला नाही. शेवटी साहेबच "या, या" करत उलटे चालले आणि पाण्याच्या हौदात जाऊन बसले.

मग एक शेळी आणली. ती पुढे चालते, कळप निमूट मागे. आतल्या दारापाशी मी बाजूची फळी उचलतो. ती बाहेर, बाकीचे आत. आम्ही तिला पुढारीण म्हणतो. वर्षभरात हजारो पोचवले, हिच्या अंगावर ओरखडा नाही. (हसू नकोस, फळी उचलणारा मीच.) बाहेर आली की माझ्या हातातला पाव खाते, वर हात चाटते. तेव्हा फार वाईट वाटतं, ताई. तिला काही ठाऊक नाही, मला सगळं ठाऊक आहे.

आता ती लंगडते. आणि कायदा म्हणतो, लंगड्या जनावराचे हाल नकोत, ताटकळत ठेवू नका, त्याचा नंबर आधी. सोमवारी डॉक्टर तपासायला येणार. मी साहेबांपुढे गयावया केली. "अरे, तिच्याच भल्यासाठी आहे," म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते, म्हणून भांडताही आलं नाही.

बाकी क्षेम.

तुझा,
बारक्या

ता. क. खरं काम राहिलंच. सोमवारच्या आत कुणी घरी नेणार असेल तर साहेबांची ना नाही. तुझ्या मागच्या अंगणात एक शेळी मावेल का? आमच्या दुसऱ्या मजल्यावर मावत नाही. विषय काढताच बायकोनं मलाच बाहेर काढायची तयारी दाखवली.

ता. क. २. उत्तराची वाट न बघता तिला टेम्पोत चढवलंय. पत्र ड्रायव्हरकडे देतोय. कोपरा खाल्लेला असेल तर समजून घे.

ता. क. ३. तिच्याशी गोड बोलू नकोस. भावजींना सांग, खुशाल शिव्या घाला. गोड बोललं की तिला वाटतं काम आलं. मग ती लंगडत उठते, चालू लागते आणि मागे कोण येतंय ते वळून बघते.