तेरेक-बेल घाटासाठी दोन पिवळे दिवे

प्रति,
मा. प्रमुख निरीक्षक,
जिल्हा वाहन तपासणी कार्यालय,
कारा-बुलून.

अर्जदार : बुरुल असानकोजोयेवा, वय ४६, आरोग्यसेविका व सुईण, ग्राम आरोग्य केंद्र, कोक-तोकोय.

विषय : तेरेक-बेल घाटातील सेवेसाठी दुचाकीला लावलेले व नाक्यावर काढून घेतलेले दोन जादा एलईडी दिवे पुन्हा बसवू देण्याबाबत.

संदर्भ : १) नाक्यावरील जप्तीची पावती, दि. २२ सप्टेंबर. २) आपल्या कार्यालयाची पत्रे, दि. १७ ऑक्टोबर, ५ डिसेंबर व ३० जानेवारी. ३) आपल्याकडून आलेले छापील माहितीपत्रक, दि. २७ मार्च.

महोदय,

१. याच विषयावरील हा माझा पाचवा अर्ज आहे. आधीच्या चार अर्जांत मी फार थोडक्यात लिहिले, म्हणून कदाचित ते नीट पोहोचले नसावे. या खेपेस घडले ते सर्व क्रमाने लिहीत आहे. अर्ज लांबला आहे, तरी तो शेवटपर्यंत वाचावा एवढी विनंती आधीच करून ठेवते.

२. घाटापलीकडची उच-बुलाक ही एकतीस घरांची वस्ती माझ्या केंद्राच्या हद्दीत येते. अंतर सव्वीस किलोमीटर असून मधल्या नऊ किलोमीटरमध्ये अकरा वळणे आहेत. केंद्राची मोटार इंजिन मिळत नसल्याने तीन वर्षे अंगणात उभी आहे. घोड्यावरून जायला साडेचार तास लागतात. तीन उन्हाळ्यांपूर्वी एका परदेशी प्रवाशाचा याच घाटात पाय मोडला होता. मी त्याला फळ्या बांधून खाली आणले. घरी परतताना त्याने आपली उंच, लांब पल्ल्याची मोटारसायकल रीतसर कागद करून केंद्राला देऊन टाकली. तेव्हापासून मी उच-बुलाकला पन्नास मिनिटांत पोहोचत होते. आमच्या गावात बायकांनी अशी गाडी चालवण्याची रीत नव्हती. सुरुवातीला लोक हसले. मग ज्याच्या त्याच्या घरात कोणी ना कोणी आजारी पडले आणि हसणे थांबले.

३. त्या गाडीचा मूळ दिवा मोकळ्या रस्त्यावर चांगला आहे, पण धुक्यात तो उपयोगाचा नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात धुक्यातून उतरताना रस्त्यात उभा असलेला याक मला चार हातांवर आल्यावर दिसला. मी पडले आणि गळ्याजवळचे हाड मोडले. जादा दिव्यांचा विचार तेव्हा केला, हौस म्हणून नव्हे.

४. दिवे निवडण्यात माझी आधी चूक झाली, तीही कबूल करते. राजधानीच्या बाजारात विक्रेत्याने सर्वांत प्रखर म्हणून दाखवले ते पांढरे, लांब फेकीचे दिवे मी आणले आणि त्यांच्या वायरी हेडलाइटच्या वायरीलाच पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडल्या. धुक्यात ते लावल्यावर समोर पांढरी चादर धरल्यासारखे झाले. तिसऱ्याच फेरीत हँडल वळवताना एक वायर चेंगरली, फ्यूज उडाला आणि जादा दिव्यांबरोबर मूळ हेडलाइटही गेला. राहिलेले सहा किलोमीटर मी गाडी ढकलत उतरले.

५. त्यानंतर मी साविर उस्तांकडे गेले; कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. ते चाळीस वर्षे बसगाड्यांचे वीजकाम करत होते. त्यांनी माझे जोडकाम पाहिले आणि म्हणाले, "पोरी, हे टाके तू माणसाला घातले असतेस तर तुला गावातून हाकललं असतं." पुढे म्हणाले, "दिवा कोणीही विकत घेतं. त्याला वीज कुठून देणार, ते आधी सांग." गाडी किती वीज तयार करते, इंजिन आणि हँडल गरम ठेवणारी तार किती खातात, याचा हिशोब त्यांनी पाटीवर मांडला. जे उरले त्यात वीस-वीस वॅटचे दोनच दिवे बसत होते. त्यांनी पिवळे, रुंद पसरणारे दिवे निवडायला लावले आणि ते हेडलाइटखाली, शक्य तितके खाली बसवले. रस्त्याची कडा दिसावी आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. वीज थेट बॅटरीवरून घेतली, बॅटरीच्या अगदी जवळ वेगळा फ्यूज ठेवला आणि सीटखाली रिले बसवला, म्हणजे जादा भार हेडलाइटच्या वायरीवर पडणार नाही. हातमोजे घालूनही दाबता येईल असे बटण डाव्या हाताशी लावले. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर कुठे ताणते का, ते बोटाने चाचपून पाहिले. हे सर्व मी आपल्याला शिकवण्यासाठी लिहीत नाही. काम कसेतरी केलेले नव्हते, एवढेच नमूद करायचे आहे. त्या दिव्यांनी पुढचे चार महिने मला एकदाही दगा दिला नाही.

६. दि. २२ सप्टेंबर रोजी नाक्यावरील निरीक्षक तिलेक साहेब यांनी मला थांबवले. ते माझ्यापेक्षा वयाने लहान असून थोरल्या बहिणीच्या मानाने मला एजे म्हणतात. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ते म्हणाले, "एजे, वरून आदेश आलाय. गाडीच्या मूळ रचनेत नसलेला एकही दिवा पुढे जाऊ द्यायचा नाही. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला थांबवलंसुद्धा नसतं." त्यांनी वायरी तोडल्या नाहीत. एकेक जोड सुटा केला, दिवे फडक्यात गुंडाळले, त्यावर माझे नाव लिहिले आणि कपाटात ठेवले. आजही मी नाक्यावरून गेले की ते न विचारताच सांगतात, "जपून ठेवलेत, एजे."

७. यापुढे काय झाले ते आपल्याच पत्रांवरून दिसेल. पहिल्या पत्रात आपण दिव्यांचे प्रमाणपत्र मागितलेत. राजधानीतील तपासणी केंद्राने कळवले की दिवे गाडीवर बसवलेले असतील तरच तपासता येतात. तिथवर जाण्यापुरते ते बसवू द्यावेत असा अर्ज मी केला. ५ डिसेंबरच्या पत्रात आपण कळवलेत की प्रमाणपत्राशिवाय दिवे बसवलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ती दुसऱ्या वाहनात घालून न्यावी. त्याप्रमाणे तिलेक साहेबांकडून तात्पुरते दिवे घेतले, मेंढ्यांच्या ट्रकमध्ये गाडी उभी करून दोन दिवस प्रवास केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि सांगितले की या जातीची गाडी देशात कोणी विक्रीसाठी आणलेलीच नाही, त्यामुळे तिच्या मूळ रचनेचा नकाशा दप्तरी नाही आणि नकाशाशिवाय तपासणी होत नाही. मी दिवे परत आणून तिलेक साहेबांच्या कपाटात ठेवले. ३० जानेवारीच्या पत्रात आपणही तेच लिहिलेत. म्हणजे मूळ रचना काय होती हे कोणालाच ठाऊक नाही, तिच्यात बदल झाला हे मात्र ठरलेले आहे. यातून मी कोणत्या दाराने बाहेर पडावे, ते मला खरोखरच कळत नाही.

८. आता जे लिहायचे आहे ते आधीच्या अर्जात दोन ओळींत लिहिले होते. दि. ११ मार्च रोजी दुपारी दोन वाजता उच-बुलाकहून नुरदोलोत नावाच्या मेंढपाळाचा फोन आला. त्याची बायको ऐझिरेक हिला दिवसांआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मी सव्वादोनला निघाले. त्या दिवशी धुके थेट वस्तीपर्यंत उतरले होते. मूळ दिवा लावला तर समोर पांढरी भिंत आणि विझवला तर काहीच नाही. पाय जमिनीला घासत, चाचपडत मी सहा वळणे काढली. सातव्या वळणावर पुढचे चाक कडेवरून खाली घसरले आणि खालून दगड गडगडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. गाडी कशीबशी मागे ओढली, तिथेच सोडली आणि पिशवी पाठीला लावून चालत निघाले. अकरा किलोमीटर राहिले होते. मी सात वाजता पोहोचले.

९. मूल साडेपाचला जन्मले होते. मुलगा होता. नाळेचा वेढा गळ्याभोवती बसला होता. शेजारच्या बाईने जमेल ते केले, पण तो कसा सोडवायचा हे तिला माहीत नव्हते. बाळ वाचले नाही. महोदय, तो वेढा सोडवायला अर्धे मिनिट लागते. सव्वीस वर्षांत मी असे किती वेढे सोडवले, त्याची मोजदादसुद्धा ठेवलेली नाही. ऐझिरेक माझ्या बुटांवरच्या चिखलाकडे पाहून एवढेच म्हणाली, "एजे, तुम्ही चालत आलात?"

१०. हे कळवल्यावर आपल्या कार्यालयाकडून छापील माहितीपत्रक आले. त्यात 'दाट धुक्यात अनावश्यक प्रवास टाळा' असे असून खाली हसणाऱ्या मोटारीचे चित्र आहे. ते पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. मी ते दवाखान्यात लावलेले नाही.

११. त्यानंतर जे सुरू झाले ते थांबवण्यासाठी मुख्यत्वे हा अर्ज आहे. बाळाचे आजोबा किदिर आकसाकाल, म्हणजे वस्तीतले मानाचे वडीलधारे, हे एकाहत्तर वर्षांचे आहेत. शोकाच्या चाळिसाव्या दिवसाची वाटही न पाहता त्यांनी वस्तीतली माणसे जमवली आणि मला निरोप पाठवला की यापुढे मी निघण्याआधी फक्त फोन करावा. पुढच्या खेपेस मी धुक्यात शिरले तर पहिल्या वळणावर एक माणूस कंदील घेऊन कडेला उभा होता. दुसऱ्यावर विजेरी घेतलेली बाई होती. अकरा वळणांवर अकरा माणसे. मी त्यांच्या उजेडावरून उजेडावर गेले. थांबून सांगितले की असे करू नका, कोणी घसरेल. एकानेही ऐकले नाही. दरवेळी तेच चालू आहे.

१२. दि. ९ एप्रिल रोजी एका मुलीच्या तापासाठी मी गेले होते. तिला फिट आल्याने मला तिथे चार तास जास्त थांबावे लागले. मी परतणार म्हणून किदिर आकसाकाल बर्फमिश्रित पावसात दुपारपासून सातव्या वळणावर उभे होते. मी संध्याकाळी तिथे आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते, तरी कंदील उंच धरलेला होता. मी रागावले. ते म्हणाले, "दिव्याला परवानगी लागते म्हणे. माणसाला कुठे लागते?" त्यांना फुफ्फुसाचा दाह झाला असून डाव्या पायाच्या दोन बोटांना हिमदंश आहे. सध्या त्यांना इंजेक्शने देण्यासाठी मी एक दिवसाआड घाट चढते. मी चढते म्हणून इतर माणसे वळणांवर उभी राहतात. त्यांतले आणखी दोघे आता खोकत आहेत. माझ्या जाण्याने आजार बरा होतो की वाढतो, हे मला सांगता येईनासे झाले आहे.

१३. तरी विनंती अशी की, ते दोन दिवे मला परत बसवू द्यावेत. सर्व रस्त्यांसाठी शक्य नसेल तर केवळ घाटातील नऊ किलोमीटरसाठी व केवळ धुक्यात परवानगी द्यावी. नाक्यापर्यंत ते झाकून आणीन, तिलेक साहेबांच्या समोर कापड काढीन व परतताना त्यांच्याच समोर पुन्हा झाकीन. तेही शक्य नसेल तर किमान उच-बुलाकच्या ग्रामस्थांनी वळणांवर उभे राहू नये, असा लेखी आदेश आपल्या सही-शिक्क्यानिशी द्यावा. माझे ते ऐकत नाहीत. आपले ऐकतील की नाही, याचीही मला खात्री नाही.

१४. उच-बुलाकमध्ये मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक बाळंतपण आहे. त्या दिवसांत घाटात धुके असतेच. कोणी कोणत्या वळणावर उभे राहायचे, हे तिथे आत्तापासून वाटून घेणे सुरू झाले आहे.

आपल्या उत्तरावाचून दुसरा मार्ग नसलेली,

(सही)
बुरुल असानकोजोयेवा
कोक-तोकोय, दि. १९ एप्रिल

सोबत :
१) जप्तीची पावती व आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.
२) साविर उस्तांनी काढलेला वायरींच्या जोडणीचा नकाशा (मूळ प्रत, कृपया परत करावी).
३) किदिर आकसाकाल यांच्या प्रकृतीचा माझ्या सहीचा दाखला.
४) उच-बुलाकच्या एकतीस घरांच्या सह्या. तिसाव्या घरात सही करता येत नाही, तिथे अंगठा आहे.