आधी बुश, मग मशीन

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही 'बरा आहे' एवढंच म्हणता आणि फोन वहिनीच्या हातात देता, म्हणून हे कागदावर लिहितेय. कागदही तिच्याच हातात द्याल, पण आधी चष्मा लावून स्वतः वाचा. मी वर्कशॉपमध्ये तुमच्या बाकावर बसलेय. जेवणाची सुट्टी आहे, वेल्डरमामा पत्र्याच्या थप्पीवर आडवे झालेत आणि समोर मोठा लेथ उघडा पडलाय. हो, उघडा. हेडस्टॉकचं, म्हणजे त्याच्या डोक्याचं, झाकण काढलेलं, आत फिरणारा स्पिंडल बाहेर काढून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला, धूळ बसू नये म्हणून त्यावर खुंटीवरचा तुमचा जुना शर्ट टाकलेला. हे वाचून तुम्ही उठून बसाल, मला माहीत आहे. बसा, थोडं पाणी प्या. सगळं सांगते.

आधी जे धड चाललंय ते सांगते, म्हणजे तुमचा जीव जरा भांड्यात पडेल. ड्रिल मशीनचा पट्टा बदलला. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडते, विसरत नाही. कूलंटला वास यायला लागला होता, ती टाकी रविवारी उपसून घासली. तो वास अजून माझ्या हातांना आहे. शटर एका बाजूने अडतं, तिथे ग्रीस लावते आणि वर खांदा मारते. तुम्ही म्हणायचात, वर्कशॉप चालवणं म्हणजे निम्मं काम लोखंडाचं आणि निम्मं घरकाम. आता कळतंय की घरकामाचा वाटा तुम्ही बराच कमी करून सांगत होतात. एखादी नवी गोष्ट बसवायला घेतली की त्याच दिवशी तीन जुन्या गोष्टी रुसून बसतात, आणि मी हातात पाना घेऊन आधी कोणाचा रुसवा काढू या विचारात उभी राहते.

पंपवाल्यांचे चोवीस शाफ्ट द्यायचे आहेत. पुढच्या बुधवारची तारीख आहे. नऊ झाले, पंधरा राहिले, आणि ते दुसऱ्या कुठल्याही मशीनवर होणारे नाहीत. छोट्या लेथवर एवढी लांबी बसत नाही हे तुम्हाला सांगायला नको. ते पंधरा लोखंडी गज भिंतीला टेकवून उभे आहेत. येता-जाता मी ते पुन्हा मोजते. परवा पंपवाल्यांचा फोन आला तेव्हा मी चालू ग्राइंडरजवळ जाऊन बोलले, म्हणजे मागून कामाचा आवाज यावा. मामांनी ते पाहिलं. त्या दिवशी चहाला त्यांनी मला हाक मारली नाही.

झालं ते असं. सातव्या शाफ्टवर बारीक लाटा दिसायला लागल्या. बोट फिरवलं की जाणवतील अशा. मी कापणाऱ्या टूलची टिप बदलली. मग वाटलं जॉब लांब आहे, थरथरत असेल, म्हणून मध्ये आधार लावला. मग स्पीड कमी केला. आकडे दाखवणारी पट्टी म्हणत होती माप बरोबर आहे, ड्राइव्हच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, आणि मी त्या दोघांवर विश्वास ठेवून आणखी दोन शाफ्ट कसेबसे पॉलिश करून निभावले. शेवटी मामा वैतागून म्हणाले, त्या मशीनला एकदा हात लावून बघ. हेडस्टॉकवर तळहात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. ज्या बुशमध्ये स्पिंडल फिरतो तो पार झिजला होता. मी बसवलेल्या आपोआप तेल सोडणाऱ्या बाटलीच्या नळीत रंगाचा एक पोपडा अडकला होता, नखाएवढाही नव्हता. किती दिवस बुश कोरडा फिरत होता कोण जाणे. चार तरी असतील.

तुम्ही रोज सकाळी काय करायचात ते मला त्या क्षणी आठवलं. शर्ट खुंटीला, तेलाची चोच असलेली डबी हातात, दोन्ही भोकांत मोजून तेल, मग लेथ रिकामा चालू करायचा आणि दहा मिनिटांनी हेडस्टॉकवर हात ठेवून उभं राहायचं, एखाद्या मुलाचा ताप बघावा तसं. मी लहानपणी विचारलं होतं की असं काय करता, तर म्हणाला होतात, त्याची चौकशी करतो. मला ते तेव्हा मजेचं वाटलं होतं. पुढे मोठी झाल्यावर ते वेळ घालवणं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, तसंच वाटायचं. म्हणूनच ती बाटली आणली.

बाबा, मला एक गोष्ट आता कुठे ओळीने दिसतेय. आधी मी आकड्यांची पट्टी आणली, तेव्हा तुमचं डायल बघत ओठांत पुटपुटत मोजणं थांबलं. मग ड्राइव्ह आणला, बटण फिरवलं की वेग बदलतो, तेव्हा तुमची पट्टा सरकवायची ती गुळगुळीत काठी कोपऱ्यात गेली. मग तयार टिपा आल्या आणि दगडावर टूल घासून धार लावणं संपलं. ते बुडवायचा तुमचा पाण्याचा डबा अजून ग्राइंडरजवळ आहे, त्यात आता मामा पेन ठेवतात. शेवटी तेलाची बाटली. दर वेळी मी तुम्हाला हौसेने दाखवायला बोलवायचे आणि दर वेळी तुम्ही बारकाईने बघून 'बरं केलंस' म्हणायचात. मला वाटायचं मी तुमच्या अंगावरचं ओझं उतरवतेय. आणि मग एका सकाळी तुम्ही आलात, शर्ट खुंटीला लावलात, लेथसमोर उभे राहिलात आणि तुमचे दोन्ही हात नुसतेच खाली लोंबत राहिले. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि कोपऱ्यातला झाडू उचललात. मी ते बघत होते. मी तो झाडू तुमच्या हातातून काढून घेतला नाही, उलट लेथखालचा कीस तेवढा काढा म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही दादाकडे चार दिवस राहून येतो म्हणालात. त्याला आता चौदा महिने झाले.

आई गेली तेव्हाही तुम्ही मोडला नव्हतात. तिसऱ्या आठवड्यात कामावर आला होतात, जरा हळू चालत, पण आला होतात. म्हणून मला वाटलं होतं की तुम्हाला कशानेच काही होत नाही. दादा फोनवर सगळं सांगतो, त्याच्यावर रागावू नका. तुम्ही आठ-आठ दिवस दाढी करत नाही, खिडकीकडे पाठ करून पडून असता, नातवाने सायकलची साखळी उतरली म्हणून हाक मारली तर तुझ्या बाबांना सांग म्हणता. हे सगळं ऐकून मला वाईट वाटत होतं, पण भीती वाटली ती नळाने. दादाकडचा मोरीतला नळ तीन दिवस गळत होता. तुमची खोली त्याच्या शेजारी. तीन दिवस तुम्ही ते टपटपणं ऐकत पडून राहिलात आणि उठला नाहीत. शेवटी वहिनीने बाहेरून प्लंबर आणला. बाबा, तुम्ही घरात असताना बाहेरचा प्लंबर. ते ऐकल्यापासून मला नीट काम सुचत नाही. मोजलेलं माप मी दोनदा नाही, चारदा मोजते आणि तरी खात्री होत नाही.

तुम्हाला परत बोलवायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. नाही नाही ती कारणं शोधली. एकदा म्हणाले, मामा आठवण काढतात. तुम्ही म्हणालात, त्यांना नमस्कार सांग. एकदा म्हणाले, हिशेबाचं बघायला कोणी नाही. तुम्ही म्हणालात, तू माझ्यापेक्षा चांगलं बघतेस. एकदा नुसतंच या म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, येऊन काय करू. तुम्ही करायचात ते मीच एकेक करून संपवलं होतं.

मला सारखा तो जुना प्रसंग आठवतोय. मी आठ वर्षांची होते. तुम्ही उत्साहाच्या भरात हेडस्टॉक उघडलात, जुना बुश काढताना तो चिरला, आणि मग लक्षात आलं की नवा बुश ज्याच्यावर करायचा तो हाच लेथ, आणि तो तर खोलून पडलाय. तेव्हा आसपास दुसरा लेथही नव्हता. तुम्ही उलट्या घमेल्यावर बसलात आणि पोट धरून हसलात. आई डबा घेऊन आली होती, तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मग त्या चिरलेल्या बुशला पत्र्याचा पट्टा आवळून, आत चकचकीत कागदाच्या घड्या सारून, तुम्ही लेथ पुन्हा जुळवलात आणि त्या लंगड्या लेथवरच त्याचा नवा बुश कापलात, केसाएवढा एकेक काप घेत. तीन दिवस लागले. मी दिवा धरून उभी होते. तुम्ही तीन दिवस गुणगुणत होतात. एवढं खूश मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा नाही. चौथ्या दिवशी तुम्ही कपाटाच्या दाराला आतून ऑइलपेंटने लिहिलंत, 'आधी बुश, मग मशीन', म्हणजे नवा बुश हातात आल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, आणि खाली बुशची मापं. मला ते शाळेच्या पाढ्यांसारखं पाठ करायला लावलंत, आणि मी मापं दशांशासकट न चुकता म्हटली म्हणून बारीक माप घेणाऱ्या हत्याराचं नाव मला दिलंत, व्हर्नियर.

त्यामुळे आता गल्लीभर माझं हसं झालंय. मामा येईल त्याला सांगतात की मालकिणीच्या कपाटाच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि तरी ती विसरली. गॅसची नळकांडी आणणाऱ्यालासुद्धा त्यांनी कपाट उघडून दाखवलं. पलीकडच्या गल्लीतला टर्नर ऐकून स्वतः आला आणि म्हणाला, मापं दे, संध्याकाळपर्यंत करून देतो. भला माणूस आहे. मी त्याला 'बघते' म्हणाले. त्याला तीन दिवस झाले. मामा आता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. त्यांना वाटतं मी हट्टाला पेटलेय. त्या टर्नरचा लेथ तिरका कापतो असं बाबा म्हणायचे, असं काहीतरी मी त्यांना सांगितलं. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात.

हे पत्र पंपवाल्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. तो उद्या दादाच्या घरावरून जातो आणि गुरुवारी सकाळी त्याच रस्त्याने परततो. त्याच्या शेजारची जागा रिकामी असते, मी त्याला दाराशी थांबायला सांगितलंय. तेलाची ती बाटली काढून टाकलीय आणि तुमची चोचीची डबी धुऊन खिळ्याला अडकवलीय. तुम्ही आला नाहीत तर शुक्रवारी पलीकडच्या टर्नरला मापं देईन, शाफ्ट वेळेत जातील, पंपवाले तुटणार नाहीत. तेव्हा वर्कशॉपच्या काळजीने येऊ नका. मला वर्कशॉपची एवढी काळजी नाहीच. तुम्ही गाडीत बसाल की नाही, याचीच धास्ती घेऊन मी गेले कित्येक दिवस वावरतेय. आणि एक गोष्ट मी मामांनाही सांगितलेली नाही, तुमच्यापासून लपवून हे पत्र पूर्ण होणार नाही. बुश वाया गेल्याचं कळलं त्याच दुपारी मी नव्या बुशसाठी गनमेटलचा तुकडा कापून आणला होता, दारावरची मापं कागदावर उतरवली होती. लेथ लाटा काढत होता, पण चालत होता. हळूहळू कापला असता तर नवा बुश त्यावर होण्यासारखा होता. तुकडा लेथच्या चकमध्ये धरलेला होता आणि मशीन चालू होतं. तेवढ्यात दादाचा फोन आला आणि त्याने मला नळाचं सांगितलं. फोन ठेवल्यावर मी मशीन बंद केलं, तो तुकडा चकमधून काढून तुमच्या बाकाच्या खणात ठेवला, कपाटाचं दार उघडून तुमची ओळ एकदा वाचली, आणि मग हेडस्टॉक उघडला.

गुरुवारी दिवा धरायला उभी असलेली,
तुमचीच,
व्हर्नियर